एक 'च' आणि लॉ स्कूलचं ॲप्लिकेशन

जानेवारीत शेवटचं ॲप्लिकेशन सबमिट केलं तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणत होते. एकूण ९ लॉ स्कूल्सना अर्ज केले, सगळी अमेरिकेतली, जेडीसाठी, म्हणजे तिथल्या कायद्याच्या पदवीसाठी. तिकडे कायद्याची पदवी आधी कुठलीतरी पदवी झाल्यावरच करतात, ३ वर्षांची असते, आणि आधीचा विषय कुठलाही चालतो. माझा भाषेचा होता आणि त्यानंतर ७ वर्षं भाषांतराचं काम केलं. त्यामुळे "तू एकदम कायद्याकडे कशी वळलीस" हा प्रश्न मला इतक्या लोकांनी विचारलाय की त्याचं उत्तर एकदा नीट लिहून टाकावं असं वाटतंय. शिवाय ॲप्लिकेशनमध्येही विचारतात तो प्रश्न शेवटी हाच, मग बाकी कितीही फॉर्म भरा.

उत्तर आहे 'च'. अक्षरशः, आपला मराठीतला 'च'.

काही वर्षांपूर्वी एका कामगाराच्या नोकरीच्या करारनाम्याचं भाषांतर तपासायला माझ्याकडे आलं होतं. भाषांतर दुसऱ्या कोणीतरी केलेलं, मी फक्त मूळ मराठीशी ताडून बघायचं होतं. मूळ कागदात होतं, "लेखी नोटीस दिल्यावरच कामावरून कमी करता येईल." इंग्रजीत झालं होतं, लेखी नोटीस दिल्यावर कमी करता येईल. 'च' गळला होता. वाचताना पटकन लक्षातही येत नाही, कारण वाक्य चुकीचं वाटतच नाही. पण पहिल्या वाक्यात नोटीस दिल्याशिवाय काढताच येत नाही आणि दुसऱ्यात नोटीस हा काढायचा एक मार्ग आहे, आणखीही असू शकतात, आणि त्या माणसाला तर नोटीस न देताच काढलेलं. मी त्याच्या वकिलांना फोन केला. त्या वयाने बऱ्याच मोठ्या, आम्ही सगळे त्यांना मॅडम म्हणतो. त्या एवढंच म्हणाल्या, "परत वाच. हळू वाच." मी वाचलं. मग त्या म्हणाल्या, "उद्या सुनावणी आहे, येऊन मागे बस."

मी गेले. त्या एका शब्दावर पाच-सात मिनिटं बोलल्या असतील, आवाज न चढवता, आणि त्यांनी दुरुस्त केलेलं भाषांतर दाखल करून घ्यायला लावलं. पुढे काय झालं ते मी इथे लिहिणार नाही, ते त्या माणसाचं प्रकरण आहे, माझं नाही. पण त्या दिवशी घरी येताना मला इतकं स्पष्ट कळलं होतं की मी आयुष्यभर जे करत आले, एकेका शब्दाशी थांबणं, त्याचा इथे कोणाच्या तरी पोटापाण्याशी संबंध आहे. आणि मला नुसतं मागे बसायचं नव्हतं.

हे आता सरळ लिहिलंय पण पर्सनल स्टेटमेंटमध्ये, म्हणजे अर्जासोबत स्वतःबद्दल जे लिहून द्यायचं असतं त्यात, हे यायला मला ४ महिने लागले. पहिल्या ड्राफ्टमध्ये न्याय, समानता, समाज, सगळे मोठे शब्द होते आणि तो कोणीही लिहिलेला असू शकला असता. दुसरा ड्राफ्ट म्हणजे माझा बायोडेटाच, फक्त पूर्ण वाक्यांत. तिसऱ्यात त्या कामगाराची गोष्ट आली पण मी त्याच्याबद्दल इतकं लिहिलं की मीच दिसेना, आणि मॅडमना वाचायला दिलं तर त्यांनी सगळ्यात आधी काय केलं असेल तर त्याची ओळख पटेल अशा सगळ्या गोष्टींवर काट मारली. "त्याने तुला परवानगी दिली का?" मला खरंच लाज वाटली, कारण मला हे सुचलंच नव्हतं, आणि वकिलाला हेच पहिलं सुचायला हवं. चौथ्या ड्राफ्टमध्ये फक्त ते वाक्य, तो 'च', आणि मी काय केलं एवढंच राहिलं. बऱ्याच ठिकाणी २ पानांची मर्यादा असते, डबल स्पेस करून. त्यात एकच प्रसंग नीट मावतो, दोन कोंबले की दोन्ही मरतात.

आता परीक्षेबद्दल, कारण मेसेज सगळे त्यावरच येतात. एलसॅट ही लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा, तिचे मार्क १२० ते १८० मध्ये मिळतात. ३५ मिनिटांचे ४ भाग, त्यातले ३ मोजतात आणि एक मोजत नाहीत, पण कुठला मोजत नाहीत ते तुम्हाला कळत नाही, त्यामुळे चारही जीव तोडूनच सोडवायचे. मोजतात त्यातले २ लॉजिकल रीझनिंगचे आणि १ रीडिंग कॉम्प्रिहेन्शनचा. निबंध वेगळा असतो, त्याला मार्क नाहीत पण तो लॉ स्कूलला जातो. पूर्वी लॉजिक गेम्स नावाचा भाग असायचा, अमुक तमुकच्या शेजारी बसणार नाही तर कोण कुठे बसेल असली कोडी, ती ऑगस्ट २०२४ पासून गेली. का गेली ते मला फार महत्त्वाचं वाटतं. ही कोडी सोडवायला सगळे आकृत्या काढतात आणि दृष्टिहीन उमेदवारांना ते शक्य नव्हतं, ते कोर्टात गेले, २०१९ मध्ये तडजोड झाली आणि शेवटी अख्खा भागच सगळ्यांसाठी बदलला. म्हणजे वकील व्हायच्या परीक्षेलाच कोर्टात उभं केलं. जुनी पुस्तकं कोणी दिली तर हे लक्षात ठेवून वापरा, गेम्सवर वेळ घालवू नका.

माझा पहिला सराव पेपर १४८ आला. प्रत्यक्ष परीक्षेत पहिल्यांदा १६१, दुसऱ्यांदा १६५. मधे जे काही सुधारलं ते दोन गोष्टींनी. एक म्हणजे वेळ लावून पेपर सोडवायचा आणि मग उत्तरं न बघता, घड्याळ न लावता तोच पेपर परत सोडवायचा. वेळ नसल्यामुळे काय चुकलं आणि मुळात कळलंच नव्हतं म्हणून काय चुकलं, हे वेगळं दिसतं. याला ब्लाइंड रिव्ह्यू म्हणतात.

दुसरी गोष्ट परत 'च'. लॉजिकल रीझनिंगमध्ये माझ्या निम्म्या चुका 'इफ' आणि 'ओन्ली इफ' यांच्या घोळात होत होत्या. इंग्रजीत वाचताना डोकं दोन्हींना एकच समजायचं. मग एका संध्याकाळी वैतागून प्रत्येक वाक्य मराठीत मोठ्याने बोलायला लागले. "पास झालीस तर प्रवेश मिळेल" आणि "पास झालीस तरच प्रवेश मिळेल." कानाला लगेच कळतं! पहिल्यात पास झालं की प्रवेश नक्की. दुसऱ्यात पास न होता प्रवेश नाही, पण पास होऊनही मिळेलच असं कोणी म्हटलेलं नाही. 'अनलेस' आलं की तसंच. "दावा वेळेत केल्याशिवाय भरपाई मिळणार नाही" म्हणजे वेळेत केला तरच मिळेल, पण वेळेत केला म्हणून मिळेलच असं नाही, आणि चुकीचा पर्याय नेमका तिथेच ठेवलेला असतो, "याने वेळेत दावा केला म्हणजे याला भरपाई मिळणार." आपण बोलताना हे भेद रोज करतो, फक्त परीक्षेत इंग्रजी समोर आलं की ते आपल्याला येतं हेच विसरतो. एका ठिकाणी मात्र मराठी कानाने मला फसवलं, 'सम' या शब्दावर. आपण "काही मुलं आली" म्हटलं की बाकीची आली नाहीत असंच धरतो. परीक्षेत 'सम' म्हणजे किमान एक, सगळीसुद्धा असू शकतात. हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं.

आणि जे भारतातून किंवा अमेरिकेबाहेर शिकलेत त्यांनी ट्रान्सक्रिप्टचं काम सगळ्यात आधी सुरू करा, प्लीज. ते कॉलेजकडून थेट एलएसएसीकडे, म्हणजे परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे जावं लागतं, तुम्ही स्कॅन करून पाठवलेलं चालत नाही, आणि माझ्या कॉलेजने त्याला ११ आठवडे लावले. आपल्या मार्कांचा तिकडे जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, काढत नाहीत, त्याऐवजी सुपीरियर, अबव्ह ॲव्हरेज असा शेरा देतात. अर्ज साधारण सप्टेंबरपासून सुरू होतात आणि बहुतेक ठिकाणी जसे येतात तसे बघितले जातात, त्यामुळे डेडलाइन मार्चची असली तरी मार्चपर्यंत थांबणं म्हणजे बऱ्याचशा जागा भरल्यावर दार वाजवणं. मी जानेवारी केला. नोव्हेंबर करायला हवा होता.

शिफारसपत्रांचं मला फार टेन्शन होतं. त्यांना प्राध्यापकांची पत्रं आवडतात आणि मला कॉलेज सोडून इतकी वर्षं झालेली. एका सरांना मेल केला, त्यात माझा जुना प्रोजेक्ट जोडला आणि सरळ लिहिलं की सर, तुम्हाला मी आठवत नसेन तर स्पष्ट सांगा, मला वाईट वाटणार नाही. त्यांना प्रोजेक्ट आठवला, मी नाही, पण तेवढ्यावर त्यांनी लिहिलं. दुसरं मॅडमनी. पत्र बघायचा हक्क सोडला का असा एक प्रश्न फॉर्ममध्ये असतो, तो मी सोडला, त्यामुळे त्यांनी काय लिहिलंय ते मला माहीत नाही.

कॉलेजं निवडताना मी रँकिंग फार बघितलं नाही. अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता असलेल्या प्रत्येक लॉ स्कूलला दरवर्षी ५०९ रिपोर्ट जाहीर करावाच लागतो, तो उघडा. किती जणांना घेतलं, त्यांचे एलसॅटचे मार्क, किती जण मधेच सोडून गेले, आणि ज्यांच्या स्कॉलरशिपला अट होती त्यातल्या किती जणांची पुढे कमी झाली किंवा गेली, सगळं असतं. हा शेवटचा आकडा बघितल्यावर मी यादीतली दोन नावं काढली. नोकऱ्यांचा रिपोर्ट वेगळा असतो, पास झाल्यावर साधारण १० महिन्यांनी कोण कुठे आहे त्याचा. त्यात नुसतं 'नोकरी आहे' बघू नका, वकिलीची परवानगी लागते अशी पूर्णवेळ कायमची नोकरी किती जणांना आहे ते बघा.

अजून एक, कॅरेक्टर अँड फिटनेसचे प्रश्न. कधी शिस्तभंगाची कारवाई झाली का, कधी अटक वगैरे. जे आहे ते लिहा, लहान वाटलं तरी. पुढे बारमध्ये, म्हणजे वकील म्हणून, नाव नोंदवताना हेच परत विचारतात आणि तेव्हाचं उत्तर आताच्या अर्जाशी जुळवून बघू शकतात, आणि मूळ गोष्टीपेक्षा लपवलेली गोष्ट जास्त महागात पडते.

आत्तापर्यंत २ ठिकाणी प्रवेश मिळालाय, ३ ठिकाणी नकार, ३ चं अजून काही नाही. नकाराचा पहिला मेल आला तेव्हा मी पूर्ण दिवस कोणाशी बोलले नाही, आईलाही दुसऱ्या दिवशी सांगितलं. नववं, जे मला सगळ्यात जास्त हवं होतं कारण तिथे कामगारांच्या केसेसचं क्लिनिक आहे आणि विद्यार्थी खऱ्या अशिलांसाठी काम करतात, तिथे वेटलिस्ट. वेटलिस्टवर असलात तर "मला अजूनही यायचंय" असं एक पत्र त्यांना पाठवता येतं. एक पान, त्यात नवीन काय घडलं ते आणि प्रवेश दिला तर नक्की येईन हे, अर्थात खरंच जाणार असाल तरच. मी खरंच जाणार आहे. पत्र अर्धं झालंय, आज रात्री पुरं करून सकाळी मॅडमना वाचायला पाठवते.