इन्सब्रुक: दरबारी संगीत, त्याच्याच घरात

ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला जुन्या युरोपीय संगीताचा महोत्सव भरतो. त्यातल्या आंब्रास किल्ल्यातल्या मैफलीचं तिकीट काढणार असाल, तर आधी एक सांगते: जागा पुढच्या निम्म्या भागातलीच घ्या. तिथला स्पॅनिश हॉल ४३ मीटर लांब आहे. पहिल्या संध्याकाळी आम्ही स्वस्त म्हणून मागे बसलो. ल्यूट हे तारा छेडून वाजवायचं जुनं वाद्य; ते वाजवणाऱ्याची बोटं दिसत होती, सूर मात्र पोहोचत नव्हते. दुसऱ्या दिवशी चौथ्या रांगेत बसलो आणि तेच वाद्य कुणी शेजारी बसून बोलावं तसं ऐकू आलं.

टायरॉल म्हणजे इन्सब्रुकच्या भोवतालचा प्रांत. तिथला आर्चड्यूक, म्हणजे राजघराण्यातला राज्यकर्ता, फर्डिनांड दुसरा याने हे दालन १५६९ ते १५७२ या काळात बांधून घेतलं. भिंतींवर टायरॉलच्या २७ राज्यकर्त्यांची पूर्णाकृती चित्रं, वर नक्षीदार लाकडी छत. कॉर्नेट नावाचं एक वाद्य इथे पहिल्यांदाच ऐकलं. लाकडाची वाकडी नळी, वरून चामडं, बोटांसाठी छिद्रं, पण फुंकायचं तुतारीसारखं ओठांनी. आवाज इतका माणसाच्या गळ्याजवळचा, की कोण गातंय म्हणून मी मान वळवून पाहिलं. त्या काळच्या मीनटोन नावाच्या स्वर जुळवण्याच्या पद्धतीत गांधार जवळजवळ शुद्ध राखतात, तंबोऱ्यातून आपोआप उमटतो तसा. आपल्या कानाला हे संगीत पियानोपेक्षा जवळचं का वाटतं, याचं उत्तर मला तरी तिथे सापडलं.

किल्ल्याचं संग्रहालय मैफलीच्या बरंच आधी बंद होतं, म्हणून दुपारीच वर जा. फर्डिनांडची पत्नी फिलिपिन वेल्झर हिचं जमिनीत खोल उतरणारं स्नानगृह चुकवू नका. ती व्यापारी घराण्यातली, राजकुळातली नव्हे. १५५७ साली त्यांनी गुपचूप लग्न केलं होतं.

एक सकाळ गावातल्या होफकिर्ख या दरबारी चर्चसाठी ठेवा. सम्राट माक्सिमिलियन पहिला याच्या रिकाम्या समाधीभोवती माणसापेक्षा उंच असे २८ काशाचे पुतळे उभे आहेत. त्याचा दरबारी संगीतकार हाइनरिख इझाक. ‘इन्सब्रुक, तुला सोडून जायलाच हवं’ अशा अर्थाचं त्याचं गाणं आजही गायलं जातं. याच चर्चमध्ये यॉर्ग एबर्टने सोळाव्या शतकात बांधलेला ऑर्गन आहे. दगडी भिंतींमुळे सूर बराच वेळ रेंगाळतो. म्हणून चार-पाच गळ्यांची धीमी भजनं इथे ऐकावीत. व्हायल (गजाने वाजवायचं जुनं तंतुवाद्य) आणि ल्यूटसाठी आंब्रासच बरं. फर्डिनांड आणि फिलिपिन यांच्या कबरी लगतच्या सिल्व्हर चॅपलमध्ये आहेत, तिथेही जुना इटालियन ऑर्गन आहे.

महोत्सव उन्हाळ्यात असतो, तरी रात्री थंडी पडते. शाल जवळ असू द्या. किल्ला गावाबाहेर टेकडीवर आहे, त्यामुळे परतीच्या शेवटच्या बसची वेळ मैफलीला बसण्याआधीच पाहून ठेवा. दुसऱ्या रात्री शेवटी इझाकचं तेच गाणं झालं आणि आमचा पाय काही लवकर निघाला नाही.