गिटार दुरुस्ती: टॉप झाला, नेक क्लॅम्पमध्ये

ब्रिजपासून (तारा बॉडीला अडकतात ती पट्टी) खाली गेलेली टॉपची, म्हणजे गिटारच्या पुढच्या फळीची, भेग एकदाची मिटली. ग्लूचं काम थोडंच होतं, खरं काम ओलाव्याचं. आमच्या यवतमाळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, हवा पार कोरडी होते आणि टॉपचं स्प्रूस लाकूड रेशांच्या आडव्या अंगानं आकसतं. अशी भेग क्लॅम्पनं ओढून चिकटवली की ताण लाकडातच राहतो आणि शेजारी दुसरी पडते.

म्हणून साबणाच्या डबीला भोकं पाडून, आत पिळलेला ओला स्पंज घालून ती बॉडीत ठेवली आणि साउंडहोल झाकलं. आतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत ठेवायची. रात्री डबी काढून आत टॉर्च ठेवला की भेगेतून उजेडाची रेघ दिसायची. ती रोज बारीक होत गेली. पार दिसेनाशी झाली, तेव्हाच पिवळा वुड ग्लू उघडला. आतून बोटानं टॉप हलकेच वर-खाली करत तो भेगेत मुरवला, मग स्प्रूसचे नखाएवढे तुकडे आडव्या रेशांनी लावले. समांतर लावले तर तेही त्याच रेषेत फाटतात. हात पोचेना तिथं तुकडा दाबायला एक चुंबक आत, एक बाहेर.

गावातले मिस्त्रीकाका म्हणाले, ‘सागाचा तुकडा लाव ना बाबू, हालाचं नाव नाही घेणार.’ दारं-पलंगांसाठी त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं. पण टॉपला थरथरायचं असतं. जड, तेलकट साग तिथं नको.

नेक, म्हणजे गिटारची मान, नटच्या (टोकाला तारा टेकतात ती पट्टी) मागे तिरकी चिरली आहे. तिथंच ती बारीक, ट्रस रॉडच्या (नेक सरळ ठेवणारी आतली सळई) खाचेनं आतून पोकळ, आणि हेडस्टॉक (खुंट्यांचा भाग) मागे झुकल्यामुळे रेशेही आखूड. सहा लाइट स्टील तारांचा ओढा ७० किलोंच्या आसपास असतो. पांढरा डिंक अशा कायमच्या ताणाखाली हळूहळू सरकतो, म्हणून इथंही पिवळाच ग्लू. फाट लांब आणि स्वच्छ आहे, त्यामुळे जोड पक्का बसेल याची मला खात्री आहे. आधी ट्रस रॉड ढिला केला, ग्लूशिवाय जुळवून पाहिलं, मग काकांच्या शिकंज्याखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घालून आवळलं.

उद्यापर्यंत हात लावणार नाही. तारा चढवल्यावर पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तार दाबून सातव्यापाशी तार आणि फ्रेटमध्ये पाव मिलिमीटर फट मिळवायची. लॅकर मात्र मृग लागण्याआधी उरकायचं. दमट हवेत मारलं की पांढुरकी झाक येते.