रेडिओ, कणिक आणि कुमारजी

इंदूरमधे आता रेडिओ कोण ऐकतं असं आमचे चिरंजीव विचारतात, तर मी ऐकते बाबा, संध्याकाळी कणिक मळताना फोनवर अ‍ॅप लावून मुंबईची अस्मिता वाहिनी, दिवसभर हिंदी बोलून कानाला जरा मराठी लागतंच ना. हा आठवडा सगळा चर्चांमधेच गेला. डायबिटीसवरची तीच ती, साखर कमी चालणं जास्त, आमच्या पोहे-जिलेबीवाल्यांना सांगा म्हणावं! बुवाबाजीवर वक्ते एकमेकांना बोलूच देईनात, बंद केली.

पण टीबीवरची मस्त झाली. डॉक्टर स्ट्रेप्टोमायसिनबद्दल सांगत होते, १९४३ मधे सापडलं, टीबीवर खरं चाललेलं पहिलं औषध, आणि मला एकदम इथल्या शेजारच्या देवासचे कुमार गंधर्व आठवले. १९४८ मधे कोरड्या हवेसाठी आले, एक फुफ्फुस जवळपास निकामी, गाणं बंद, पडल्यापडल्या माळव्याची लोकगीतं ऐकत राहिले, मग हे औषध मिळालं आणि १९५३ च्या सुमारास परत मैफलीत बसले. त्यांच्या छोट्या-छोट्या ताना फुफ्फुसामुळे असं लोक म्हणतात, मला अर्धंच पटतं, नुसत्या आजारपणातून एवढं गाणं निघतं होय?

विज्ञानाच्या कार्यक्रमात मीडियम वेव्ह, म्हणजे जुन्या रेडिओच्या लहरी, हा विषय होता, दिवसा या लहरी शोषून घेणारा वातावरणातला डी थर सूर्य मावळला की विरतो, मग लहरी आणखी वरच्या थरावर आपटून लांब जातात. सासरे लगेच म्हणाले, तरीच आमच्याकडे मुंबई रात्रीच लागायची!