पुड्यात न दिसणारं मीठ

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. तिशीवरच्या प्रत्येकाचं बीपी आणि शुगर बघायची, आशाताईंनी घरोघरी भरून आणलेले सी-बॅक, म्हणजे आजाराचा धोका गुणांनी मोजणारे फॉर्म तपासायचे, गोळ्या द्यायच्या. त्या फॉर्मात तंबाखू, दारू विचारतात, कमरेचा घेर टेपने मोजतात, या सगळ्याला गुण देतात. माणूस जेवतो काय, याला गुण नाहीत.

आषाढात एक काकी आल्या. साठी उलटलेली, अंगाने काटक, बीपी १६८/९६. गोळ्यांचं पाकीट मोजलं, एकही चुकलेली नव्हती. आमचे आरोग्यसेवक म्हणाले, "यांना सांगून उपयोग नाही हो, डोस वाढवायला पाठवा." हे ते प्रत्येकाबद्दलच म्हणतात.

मिठाचं विचारलं तर काकी लगेच म्हणाल्या, "मी वयरसून मीठ घेणंय नाय."

खरंच घेत नव्हत्या. म्हणून कालपासून आजपर्यंत काय पोटात गेलं ते सगळं सांगायला लावलं. सकाळी उकड्या तांदळाची पेज, सोबत भाजलेला खारा बांगडा. दुपारी भात, कुळथाची पिठी, परसातल्या टाकळ्याची भाजी, खारातली कैरी, शेवटी सोलकढी. रात्री भात, त्यावर पुन्हा पिठी आणि बांगड्याचा उरलेला तुकडा.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ची मार्गदर्शक तत्त्वं माझ्या टेबलावर असतात. २००० कॅलरींच्या ताटात धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, डाळी-मासे-अंडी मिळून ८५ ग्रॅम. काकींच्या घरात माणसं दोन आणि दिवसाचा तांदूळ पाऊण किलो. भात जास्तच, भाजी कमी. पण कुळीथ आहे, मासा आहे, दारातली रानभाजी आहे, पाकिटातलं काहीच नाही. शहरात डाएटच्या नावावर पैसे मोजून खातात त्यापेक्षा हे ताट वाईट म्हणायची माझी तयारी नाही.

घोळ मिठाचा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी. काकींकडे किलोचा पुडा महिनाभर जातो, म्हणजे माणशी १६ ग्रॅम. थोडं मासे धुण्यात जातं असं धरलं तरी दुप्पट-तिप्पट. आणि पुड्यात न दिसणारं वेगळंच. बांगडा बाजारातूनच खारवून येतो. कैरी मे महिन्यात जाड्या मिठात मुरवलेली. सोलकढी आगळाची, म्हणजे कोकमाच्या साठवलेल्या रसाची, आणि आगळ टिकतं तेच मुळी मिठावर. हे आगळाचं मी विचारलं नसतं तर निघालंच नसतं. पित्तावर चांगली म्हणून सोलकढी सगळेच निर्धास्त पितात.

भिंतीवर वरून आलेलं पोस्टर आहे. पोळी, राजमा, पनीर, सफरचंद. काकी त्याकडे बघून म्हणाल्या, "गो बाय, ह्या चित्रात बांगडो खंय आसा?"

पोस्टर बनवणाऱ्याने किनारा पाहिला नसावा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. ताजं मिळालंच तर परवडत नाही. "पावसात ताजो मासो खयसून हाडू?" याचं उत्तर पोस्टरवर नाही, पुस्तकातही नाही.

मग आम्ही दोघींनी बसून ठरवलं. खारा बांगडा आठवड्यातून एकदाच, तोही गरम पाण्यात भिजवून, पाणी दोनदा ओतून. बाकी दिवस उन्हात नुसतीच वाळवलेली सुंगटं, म्हणजे कोळंबी, त्यांना मीठ लावलेलं नसतं. सोलकढी आगळाऐवजी मीठ न लावता वाळवलेल्या कोकमाच्या सोलांची. पेजेबरोबर खाऱ्या बांगड्याऐवजी पिठीच. कैरीवर काकी अडल्या. नखाएवढी फोड, यावर तडजोड झाली.

पुढच्या खेपेला बीपी १४६/८८. भिजवलेल्या बांगड्याला चव नाही, अशी तक्रार घेऊनच आल्या होत्या. पण मधल्या काळात तालुक्याच्या डॉक्टरांनी गोळीही वाढवली होती. त्यामुळे उतरलं ते गोळीने की पाणी ओतून, मला आजही सांगता येत नाही. आरोग्यसेवकांना अर्थातच सांगता येतं.