कोपरा

दुपारच्या चहाला दुधाची पिशवी कापली आणि कोपरा सिंकमध्ये पडला. नखाएवढा त्रिकोण. नळाच्या पाण्याबरोबर घरंगळत जाळीपर्यंत गेला, तिथे जरा अडखळला आणि गडप झाला. मी हात तसाच पुढे करून उभी.

आमच्या घरात सक्त ताकीद आहे : पिशवीला नुसती चीर द्यायची, कोपरा अंगाला लोंबता ठेवायचा. सुटा तुकडा कुणी वेचत नाही, तो रद्दीवाल्याच्या गोणीत पोचत नाही, थेट गटारात जातो. हे मी सुनेला दहादा ऐकवलंय. मुलाला तर कात्री हातातून काढून घेऊन दाखवलंय. आणि आज कापला कुणी, तर मी. घरात कुणी नव्हतं, एवढंच बरं.

पिशवी रिकामी झाली की पोटातून चिरायची, दोन पाण्यांतून काढायची आणि ओली असतानाच ओट्यामागच्या टाइलवर थापायची. चिकटते. वाळत आली की आधी एक कड सुटते, मग दुसरी, आणि दुपारी कधीतरी अख्खी पिशवी ओट्यावर उतरते. त्याचा एक बारीकसा आवाज होतो. पडल्या पडल्या तो मला बाहेरच्या खोलीत ऐकू येतो. सून म्हणते, एरवी दाराची बेल ऐकू येत नाही तुम्हाला.

पाहुणे येणार असले की ती हळूच म्हणते, ‘‘आई, तेवढ्या त्या काढून ठेवू का?’’ ठेव बाई. एकदा मात्र तिच्याच ऑफिसातली मैत्रीण न सांगता आली, पाणी प्यायला आत शिरली आणि टाइलकडे बघून म्हणाली, ‘‘काकू, तुमचा रद्दीवाला घेतो? आमचा नाही म्हणतो.’’ त्या दिवशी मी तिला चहाबरोबर चकल्याही दिल्या.

आमचा घेतो. पण त्याच्या अटी आहेत. ओली नको, वासाची नको. पुढे या पिशव्या वितळवून त्यांचे दाणे करतात, धारावीत ‘तेरा कंपाऊंड’ नावाच्या भागात असली कामं चालतात, आणि त्या दाण्यांतून पुन्हा पाईप होतात, कचऱ्याच्या काळ्या पिशव्या होतात. म्हणजे एवढं न्हाऊन-माखून, उन्हं खाऊन शेवटी कचऱ्याचीच पिशवी! असो.

लहानपणी हा प्रश्नच नव्हता. गिरगावातल्या आमच्या चाळीत आरेचं दूध काचेच्या बाटलीतून यायचं. गोरेगावची ती दूध वसाहत 1949 सालची, माझ्याहून थोडी मोठी. पहाटे केंद्रावर रांग, एका हातात कार्ड, दुसऱ्या हातात रिकाम्या बाटल्या. रिकामी दिल्याशिवाय भरलेली मिळायची नाही. वर पातळ अॅल्युमिनियमचं झाकण. आई ते अंगठ्याने दाबून काढी, आतली साय मला चाटायला देई आणि मग झाकण धुऊन, नखाने घासून सपाट करून डब्यात टाकी. गणपतीच्या मखराला त्यांची फुलं व्हायची.

एकदा जिन्यात माझ्या हातून बाटली फुटली. तीन पायऱ्या दूध. मी रडायच्या तयारीत, तर आई वरून म्हणते, ‘‘दूध गेलं ते गेलं गं, पण उद्या रिकामी कुठून आणू?’’ शेवटी शेजारच्या काकूंनी त्यांची एक जास्तीची दिली. तीत त्या रॉकेल ठेवत. आईने ती राखेने घासली, सोड्याने घासली, रात्रभर उपडी ठेवली. सकाळी केंद्रावरच्या बाईंनी ती नाकाशी नेली, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता परत दिली. त्या दिवशी आम्ही कोरा चहा प्यालो.

तर सांगत होते पिशवीचं. 2018 च्या मार्चमध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली, तेव्हा दुधाच्या पिशवीवर परतीची किंमत छापायची असं त्यात होतं, किमान पन्नास पैसे. मला केवढा आनंद! पुन्हा बाटलीचे दिवस आले म्हटलं. घडी घातलेल्या वीस पिशव्या घेऊन कोपऱ्यावरच्या दूधवाल्याकडे गेले. तो बिचारा हसला. ‘‘काकू, पन्नास पैशांचं नाणं शेवटचं कधी बघितलंत?’’ मी म्हटलं, अरे, वीस आहेत, दहा रुपये दे. तर म्हणाला, दहाची खारी घेऊन जा, पिशव्याही घेऊन जा.

खारी चांगली होती.

आत्ता टाइलवर चार आहेत. त्यांतली एक बिनकोपऱ्याची. सून यायच्या आत ती खालच्या रांगेत, मिक्सरच्या मागे सरकवून ठेवली आहे.