सोमवारपर्यंत काळे केस

निळ्या रंगापेक्षा मला काळ्याची धास्ती जास्त वाटते. निळा, गुलाबी, जांभळा असले रंग बहुतेक वेळा डायरेक्ट डाय असतात. त्यांना डेव्हलपर (रंगात मिसळायचं पेरॉक्साइड) लागत नाही, ते केसाच्या वरच्या थरांत बसतात आणि दर धुण्याला थोडे थोडे उतरतात. कायमचा काळा रंग केसाच्या आत रासायनिक क्रिया होऊन तयार होतो. त्यातला मुख्य घटक बहुधा पीपीडी, म्हणजे पॅरा-फेनिलीनडायअमीन. शेड जितकी गडद, तितकं त्याचं प्रमाण सहसा जास्त. शाळेला हे ठाऊक असायचं कारण नाही. डायरीत एक ओळ येते, ‘सोमवारी केस काळे करून येणे’, आणि रविवारी सकाळी आई मुलीला घेऊन सलूनमध्ये हजर होते.

ही मुलगी १४ वर्षांची होती. केस खांद्याखाली, मूळ रंग २ नंबरचा. (आम्ही १ ते १० मोजतो, १ म्हणजे काळाभोर, १० म्हणजे अगदी फिकट सोनेरी.) खालचे साधारण १२ सेंटिमीटर ब्लीच करून ९ पर्यंत नेलेले आणि त्यावर निळा. निळा धुपत गेला तसा खालचा पिवळेपणा वर आला होता, त्यामुळे टोकं शेवाळी दिसत होती. आईनं पिशवीतून खोकं काढलं. “ताई, डाय आम्ही आणलाय, तुम्ही फक्त लावून द्या. उद्या शाळा आहे.”

खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘अमोनिया नाही’ असं छापलेलं. अमोनिया नसला की रंग निर्धोक, हा समज काही जात नाही. अमोनियाच्या जागी दुसरा अल्कधर्मी पदार्थ घालतात एवढंच, पीपीडी जागच्या जागी असतं. आतल्या पत्रकात बारीक टायपात दोन ओळी होत्या: १६ वर्षांखालच्या व्यक्तींसाठी नाही, आणि काळ्या मेंदीच्या टॅटूमुळे ॲलर्जीचा धोका वाढू शकतो. युरोपात विकल्या जाणाऱ्या अशा रंगांवर या सूचना सक्तीच्या आहेत.

दुसरी ओळ वाचून दाखवली तेव्हा मुलगी म्हणाली, “मी काढला होता तसला टॅटू. जत्रेत.” मग सगळं विचारून घेतलं. टॅटू तासाभरात काळाकुट्ट झाला होता. चौथ्या दिवशी खाज, मग पुरळ, मग बारीक फोड. मनगटाच्या आतल्या बाजूला पानाची आकृती अजून फिकट पांढुरकी दिसत होती, तिरपा प्रकाश पडला की देठासकट.

खऱ्या मेंदीचा रंग केशरी-तपकिरी असतो आणि चढायला तास लागतात. तासाभरात काळी होते ती मेंदी नव्हे, तिच्यात बहुधा पीपीडी मिसळलेलं असतं. युरोपच्या नियमानुसार डोक्यावर लावायच्या मिश्रणात ते २ टक्क्यांच्या वर चालत नाही. टॅटूच्या लगद्यात त्याच्या कित्येक पट सापडलेलं आहे. एकदा शरीरानं ते ‘ओळखलं’ की पुढच्या खेपेला डोक्यावर लावलेला डाय एक-दोन दिवसांत चेहरा सुजवू शकतो, डोळे मिटतील इतका, आणि टाळू पाझरू लागते.

पिशवीतला डाय लावायचा नाही, हे तिथेच ठरलं. आई म्हणाली, “पॅच टेस्ट करून बघा ना, थोडासा कातडीवर लावून.” अंगावर पूर्वी अशी खूण उमटलेली असेल तर पीपीडीची पॅच टेस्ट सलूनमध्ये करायची नसते. ती त्वचारोगतज्ज्ञाची: पेट्रोलॅटममध्ये (व्हॅसलीनसारख्या मलमात) १ टक्का पीपीडी पाठीवर चिकटवतात, ४८ तासांनी काढून बघतात आणि आणखी दोनेक दिवसांनी पुन्हा. आमच्या हातात राहिला डेव्हलपरशिवायचा डायरेक्ट रंग. त्याचीही चाचणी लागतेच, कारण पीपीडी न सोसणाऱ्या काहींना त्यातले काही रंगही सोसत नाहीत. कानामागे वाटाण्याएवढा ठिपका, ४८ तास. म्हणजे मंगळवार दुपार. शाळेची मुदत सोमवार सकाळ.

तेवढ्या वेळात केसाची चाचणी उरकली. मानेजवळच्या आतल्या बाजूच्या दोन बारीक बटा कापल्या. पहिलीवर थेट गडद तपकिरी लावला. अर्ध्या तासानं धुतल्यावर ती शेवाळलेल्या भिंतीसारखी दिसू लागली. ब्लीचनं केसातला लाल-केशरी पाया निघून गेलेला असतो. तो परत भरल्याशिवाय तपकिरी रंग तपकिरी दिसत नाही, हिरवट राखाडी दिसतो. दुसऱ्या बटेवर आधी तांब्यासारखा लालसर रंग कंडिशनरमध्ये निम्मा पातळ करून २० मिनिटं, न धुता नुसता पुसून घेतला, मग तपकिरी. उरलेल्या निळ्या-हिरव्याला लाल-केशरीनं मारलं आणि बट ४ नंबरच्या सरळ तपकिरीवर आली.

काळा डायरेक्ट का नाही, हे आईनं विचारलंच. त्यातला काळा हा गडद निळा, जांभळा वगैरे मिळून बनतो. पाच-सहा धुण्यांत तो विटतो आणि निळसर किंवा हिरवट होतो, म्हणजे पोरगी पुन्हा ऑफिससमोर उभी. तपकिरी विटला तर तांबूस होतो, त्याकडे कोणी बघत नाही. शिवाय ब्लीच केलेला केस सच्छिद्र असतो, रंग अधाशासारखा पितो आणि ठरवलेल्या शेडपेक्षा गडद दिसतो. आणि कायमचा काळा एकदा चढला की त्यावर फिकट रंग लावून तो उतरत नाही. डायनं डाय निघत नाही. पुन्हा रिमूव्हर नाही तर ब्लीच, तेही आधीच दुखावलेल्या केसांवर.

शाळेसाठी चिठ्ठी लिहिली. निदान करणं आपलं काम नाही, म्हणून फक्त वस्तुस्थिती: काळ्या मेंदीनंतर त्वचेवर फोड आले होते, कायमचा डाय लावता येणार नाही, डॉक्टरकडे पाठवलं आहे, डायरेक्ट रंगाची चाचणी मंगळवारपर्यंत, तोवर केस आंबाड्यात टोकं आत दडवून. खाली दुसरी बट चिकटपट्टीनं लावली, शेड डोळ्यांनी दिसावी म्हणून. चिठ्ठ्यांपेक्षा ही बट जास्त काम करते असा अनुभव आहे. शाळेनं बुधवारपर्यंत मुदत दिली.

केसांचे नियम करावेत की नाहीत यावर माझं मत कोणी विचारत नाही. पण ‘डाय करून या’ हा हुकूम शाळेनं देऊ नये, इतकं ठामपणे सांगेन. जपानमध्ये ओसाकाला, केस जन्मतः तपकिरी असल्याचं सांगणाऱ्या विद्यार्थिनीला केस पुन्हा पुन्हा काळे करायला लावलं. टाळूला त्रास झाला असं तिचं म्हणणं. २०१७ मध्ये ती कोर्टात गेली आणि २०२१ मध्ये ३,३०,००० येन भरपाई मिळाली, तीही शाळेनं वर्गातलं तिचं बाक आणि यादीतलं नाव काढल्याबद्दल. नियम मात्र कोर्टानं वैध ठरवला. टोकियोच्या महानगर प्रशासनाच्या शाळांनी काळ्या केसांची सक्ती २०२२ मध्ये काढून टाकली. ज्यांना नियम ठेवायचाच आहे त्यांनी आठवड्याची मुदत द्यावी आणि बांधणं, कापणं, नैसर्गिक दिसणारी कुठलीही शेड यांतलं काहीही चालवून घ्यावं.

मंगळवारी कानामागे काही नव्हतं. टाळूपासून लांब राहून फक्त टोकांवर काम केलं: तांबूस १५ ग्रॅम, तेवढाच कंडिशनर, पुसून मग तपकिरी ३० ग्रॅम, ३० मिनिटं, थंड पाण्यानं धुऊन, शाम्पू नाही. घरी सल्फेट नसलेला शाम्पू, पोहायला जाताना टोपी, तीन-चार आठवड्यांनी फक्त तपकिरीचा हात, आणि दर कापणीला ब्लीचचे दोन-तीन सेंटिमीटर कमी. डॉक्टरकडची पीपीडी चाचणी पॉझिटिव्ह आली. घटकाचं नाव लिहिलेल्या कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवायला सांगितलंय, पुढे कधी पांढरे केस लपवायची वेळ आली तरी दुकानात दाखवायला.