कवायतीतला जमाव नेहमी पळतो

गणपती तोंडावर आले की जिल्ह्याच्या मुख्यालयात दंगा काबू योजनेचा सराव होतो. निम्मे पोलीस ढाल, हेल्मेट, काठी घेऊन वर्दीत. उरलेले साध्या कपड्यांत, म्हणजे दंगेखोर. माझा आवाज मोठा, त्यामुळे नोकरीत मी बहुतेक वेळा दंगेखोरच असायचो. ‘पाणी द्या, पाणी द्या’ ही आमची ठरलेली घोषणा. एकदा मागून कुणीतरी ‘साप्ताहिक सुट्टी द्या’ सुरू केलं आणि साहेबांनाही हसू आवरेना. दगड म्हणून कागदाचे बोळे. मग भोंग्यावरून इशारा, अश्रुधूर, लाठी, शेवटी गोळीबार, दोघंतिघं स्ट्रेचरवर, आणि नंतर चहा-उप्पीट.

सराव वाईट नसतो. हुकूम कसा द्यायचा, रांग कशी धरायची हे त्यातूनच कळतं. पण दर वर्षी एक गोष्ट तीच असायची. आम्ही पळायचो. ठरल्या वेळी, मैदानाच्या मोकळ्या बाजूला, न अडखळता.

२३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात तशी मोकळी बाजू नव्हती. अनुसूचित जमातीच्या सवलती मागायला गोवारी समाजाचा मोर्चा हिवाळी अधिवेशनावर गेला होता. बायाबापड्या, कडेवर लेकरं. सरकारकडून कुणी बोलायला येईल म्हणून सगळे ताटकळलेले, पुढे पोलिसांचे अडथळे. लाठी चालली, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली. मेलेल्यांत बायका-मुलंच जास्त. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आज त्यांचं नाव आहे.

ज्यानं बंदोबस्तात पहिल्या रांगेत उभं राहून पाहिलंय त्याला हे लगेच कळेल. काठी उगारली की समोरचा माणूस मागे सरकतो. पण त्याच्या मागे शंभर रांगा आहेत आणि तिथल्या लोकांना पुढे काय चाललंय ते दिसतच नाही, ते पुढेच रेटतात. समोरच्याला हलता येत नाही. आपल्याला वाटतं हा मुद्दाम अडून बसलाय, ऐकत नाही, माजलाय. मग दुसरी काठी बसते. कमरेच्या खाली मारायचं, मांडीवर, पोटरीवर, हे प्रशिक्षणात घोकून घेतलेलं असतं. पहिला फटका तसा बसतोही. धक्काबुक्कीत आणि घामात पुढचे फटके कुठे पडतील याची खात्री मी माझ्या स्वतःच्या हाताचीही देणार नाही.

आता कायदा काय सांगतो ते बघा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४८ (जुनं १२९) म्हणतं, बेकायदेशीर जमावाला आधी पांगायचा हुकूम द्या. तो ऐकला नाही, किंवा ऐकणार नाही असं दिसलं, तरच बळ वापरा. हुकूम देणार कोण? कार्यकारी दंडाधिकारी, ठाण्याचा प्रभारी अधिकारी, आणि प्रभारी हजर नसेल तर फौजदारापर्यंतचा (पीएसआय) कुणीही अधिकारी. म्हणजे एखाद्या हमरस्त्यावर सगळा निर्णय तिशीतल्या एका पीएसआयच्या डोक्यावर येऊ शकतो.

घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ ला काय झालं हे महाराष्ट्राला माहीत आहे. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना, संतापलेली वस्ती, राज्य राखीव दलाचा गोळीबार, दहा मृत्यू. गोळीबार समर्थनीय नव्हता असं चौकशी आयोगानं सांगितलं आणि २००९ मध्ये सत्र न्यायालयानं त्या तुकडीच्या फौजदाराला जन्मठेप दिली. पोलीस लाईनीत यावर बोलणं निघालं की दोनच सूर ऐकू यायचे, ‘त्याचा बळी दिला’ किंवा ‘बरं झालं’. त्या क्षणी दुसरं काय करता येतं याचा सराव त्याच्याकडून कधी करून घेतला होता का, हे कुणी विचारत नसे. आणि मला छळणारा प्रश्न तोच आहे.

शिपायाला भरतीनंतर काही महिने प्रशिक्षण केंद्रात काढावे लागतात. पीटी, परेड, गोळीबार, कायदा. त्यानंतर उजळणी वर्ग कागदावर असतात. पण ठाण्यातून तिकडे कोण जातं? ज्याच्यावाचून काही अडत नाही तो. आजारी, कटकट्या, निवृत्तीला टेकलेला. आणि शिकवायला कोण येतं? प्रशिक्षण केंद्रातली नेमणूक म्हणजे साइड पोस्टिंग, असं मानणाऱ्या खात्यात चांगला अधिकारी स्वखुशीनं तिथं किती दिवस टिकणार? नाशिकच्या अकादमीत कवायत पाहून डोळे निवतात, खोटं बोलत नाही. पण शिवीगाळ करणाऱ्या माणसासमोर आवाज खाली कसा ठेवायचा, याला माझ्या वेळी ना तास होता ना गुण.

थकव्याचं तर बोलायलाच नको. पुण्याची विसर्जन मिरवणूक एक दिवस उलटून जाते, बंदोबस्तही तितकाच. मुंबईत देवनार ठाण्यात २०१६ साली आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग झाला, तोही एका शिपायानं, रवींद्र पाटील यांनी, वेळापत्रक मांडून दाखवल्यावर. आयुक्त दत्ता पडसलगीकरांनी ते मनावर घेतलं म्हणून. झोप न झालेल्या हातात काठी देताना वरिष्ठांनी हे आठवावं.

उलट उदाहरण हवं तर भिवंडी आहे. १९७० आणि १९८४ ला जळालेलं गाव. १९८८ नंतर तिथं पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांना आणि बीटच्या शिपायाला एकाच सतरंजीवर बसवलं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. ही कामगिरी शिपायांचीही होती, पण ती परेड ग्राउंडवर करून दाखवता येत नाही, त्यामुळे पाहुण्यांना दाखवायलाही सोयीची नाही.

आणि काठीचा खर्च? १ सप्टेंबर २०२३ पर्यंत अंतरवाली सराटी हे नाव जालन्याबाहेर किती जणांना माहीत होतं? उपोषणाच्या जागी लाठीमार झाला, माणसं जखमी झाली, पोलीसही झाले. काही दिवसांत गृहमंत्र्यांना माफी मागावी लागली आणि एका गावातलं आंदोलन राज्यभर पोचलं. लोकांनीही थोडं आरशात पाहावं. २०२० च्या टाळेबंदीत रस्त्यावर उठाबशा काढायला लावल्याचे व्हिडिओ ‘असंच पाहिजे’ म्हणत कुणी फिरवले?

माझ्या मते सरावातल्या दंगेखोरांना वेगळे हुकूम द्यावेत. आज पळायचं नाही, बसून राहायचं. आज तुमच्या पाठीशी भिंत आहे. आज पुढे म्हाताऱ्या बायका आहेत. आज घोषणा पोलिसाच्या आईवरून. मग बघा फौजदार काय करतो, आणि दोन पावलं मागे घेऊन बोलणी सुरू करणाऱ्याला पैकीच्या पैकी गुण द्या.

आमच्या ठाण्यात एक जुने हवालदार होते. मोर्चाच्या आदल्या संध्याकाळी ते आयोजकाच्या घरी चहाला जायचे. पुढे कोण चालणार, बाया कुठे बसणार, टँकर कुठे लावायचा, निवेदन घ्यायला साहेब किती वाजता खाली येणार, हे सगळं वहीत लिहून आणायचे. त्यांच्या मोर्चांना काठी लागल्याचं मला आठवत नाही. बक्षिसाची शिफारस पाठवायची तर अहवालात काय लिहिणार, असं ठाण्याची कागदपत्रं लिहिणाऱ्या रायटरनं एकदा विचारलं होतं. शिफारस गेली नाही.